गाडी ओढत नाही

रविवारी सकाळी आठ वाजता अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि तिला काय झालंय याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत होतं. या घरात मतांची टंचाई कधीच नव्हती. माळ्यावरची टाकी फुटली तेव्हाही पाणी ओसरायच्या आधी चार कारणं तयार होती, फरशी मात्र शेवटी सूनबाईंनीच पुसली होती.

झालं होतं असं, की शुक्रवारी रुग्णालयाच्या चढावर गाडीने मान टाकली. तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना, दुसऱ्यात ओढेना, पहिल्यात कशीबशी रखडत चालली, आणि मागे बसवाला हॉर्नवर कोपर ठेवून बसला होता. आई डायलिसिसला पंचावन्न मिनिटं उशिरा पोचली. तिथे मशीन तासभर राखून ठेवतात आणि मग रांगेतल्या दुसऱ्या पेशंटला देतात, म्हणजे पाच मिनिटांनी निभावलं होतं. उद्या सोमवार. शनिवार-रविवार मध्ये आल्यामुळे सोमवारी आईच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साचलेलं असतं, पाय सुजतात, बोलताना धाप लागते. सोमवार चुकवून चालणारच नव्हता. भाड्याची गाडी एकदा सांगून पाहिली होती. ती आलीच नाही, तेव्हापासून आईला तिचं नावही नको होतं.

"गाडीचं वय झालंय," थोरला म्हणाला. तो सहा तास प्रवास करून आदल्या संध्याकाळी बायकोसह आला होता आणि सकाळपासून तिसऱ्यांदा हेच म्हणत होता. "एकोणतीस वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? वय झालं की सोडावं लागतं." समोर खुर्चीत आई बसली होती. तिच्याकडे लक्ष गेलं तसं तो घाईने म्हणाला, "म्हणजे वस्तू."

"कळलं रे," आई म्हणाली. "मी कुठे मनाला लावून घेतलं?"

"दादा, तू महिन्यातून एकदा येतोस आणि काहीतरी विकायला काढतोस," धाकटी म्हणाली. घर, आईवडील आणि कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान असं तिन्ही सांभाळणारी ती. "मागच्या वेळी शिलाई मशीन, आता गाडी. पुढच्या वेळी आम्ही कुलूप लावूनच बसतो."

थोरल्याला हे लागलं, कारण त्यात तथ्य होतं. लांब राहणाऱ्या मुलाला आईवडिलांची काळजी करायला हाताशी काही नसतं. नवी गाडी आणून दारात उभी केली की रात्री झोप लागेल, इतकाच त्याचा हिशोब होता. पण हे असं बोलून दाखवायची या घरातल्या पुरुषांना सवय नाही, म्हणून तो टायरला बुटाने ठोकत राहिला.

मास्तर, म्हणजे दोघांचे वडील, पायरीवर उभे होते आणि गप्प होते. हेच खरं तर सगळ्यांनी पाहायला हवं होतं. एकतीस वर्षं बस डेपोत नव्या ड्रायव्हरांना गाडी शिकवलेला माणूस. गल्लीतल्या कुणाच्या स्कूटरला खोकला आला तरी खिडकीतून निदान सांगणारा. आज स्वतःच्या गाडीबद्दल त्यांचं एवढंच म्हणणं होतं, "बघू. उद्या अर्धा तास आधी निघू."

या गाडीचा एक नियम होता. मास्तरांनी पास केल्याशिवाय चावीला कुणी हात लावायचा नाही. सरकारी परवाना सरकारकडे, इथली परीक्षा अंगणात. दोन बादल्या ठेवायच्या आणि फाटकापासून पायरीपर्यंत गाडी उलटी आणायची, तीही फक्त आरशात बघून. थोरला दुसऱ्या खेपेला पास झाला होता. धाकटीने एकविसाव्या वर्षी डावी बादली चेपली, मास्तर "नापास" म्हणून आत निघून गेले आणि ती पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. त्याला अकरा वर्षं झाली. म्हणजे थोरला लांब गेल्यापासून या गाडीच्या पेडलवर मास्तरांखेरीज कुणाचाही पाय पडला नव्हता. शुक्रवारचा सगळा घोटाळा इथेच सुरू होतो.

"मी मामाला बोलावलंय," धाकटी म्हणाली.

टायर ठोकणारा थोरल्याचा बूट थांबला.

"कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

"मामाला. येतोच आहे."

मास्तर आत जायला वळले. सूनबाई तेव्हा दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. अठरा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलेली ही बाई. चिठ्ठी वाचायच्या आधी माणूस वाचायची तिला सवय लागली होती. मास्तर तीन पायऱ्या चढून तिच्या अंगावरून आत गेले, आणि त्यांची उजवी सपात खालच्याच पायरीवर राहिली. एका पायात सपात, एक पाय अनवाणी. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सूनबाईंनी ट्रे खाली ठेवला, सपात उचलली आणि आत नेऊन त्यांच्या पायाशी ठेवली.

"बाबा, राहिली होती."

मास्तरांनी खाली पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "घाई झाली," ते म्हणाले.

घाई कशाची, हे तिने विचारलं नाही. पण फरशी गार होती आणि माणसाला ती कळायला हवी होती, हे तिने मनात ठेवलं.

मामाची स्कूटर साडेआठला फाटकाशी थांबली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून निवृत्त झालेला. अकरा वर्षं त्याने या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. त्याचा मुलगा डेपोत ड्रायव्हर व्हायला निघाला होता, शेवटची परीक्षा घ्यायला होते मास्तर, आणि मास्तरांनी सख्ख्या मेहुण्याच्या पोराला नापास केलं. जागा दुसऱ्याला गेली. नंतर तो मुलगा कुठे कुठे शिकला, आता शाळेची बस चालवतो, पण मामाच्या मनातली ती परीक्षा काही संपली नव्हती. बहिणीशी तो रोज फोनवर बोलायचा, तिला भेटायला थेट रुग्णालयात जायचा, मेहुण्याशी मात्र अबोला.

तो आत आला, बहिणीच्या खुर्चीजवळ वाकला, तिच्या पायाची सूज बोटाने दाबून पाहिली. "ताई, पाणी जास्त झालंय."

"काल बर्फाचा एक खडा जास्त खाल्ला," आई म्हणाली. "तू आलास. फार बरं केलंस रे."

मास्तर पुन्हा पायरीवर येऊन उभे राहिले होते. मामा गाडीशी गेला, हत्यारांची पिशवी जमिनीवर पसरली आणि धाकटीला म्हणाला, "त्यांना विचार, प्लग कधी बदलले."

मास्तर चार हातांवर होते. धाकटीने मान वळवली. "बाबा, प्लग—"

"ऐकलं मी. मागच्या हिवाळ्यात. त्याला सांग."

"मामा, मागच्या—"

"मला ऐकू येतं. एअर फिल्टर?"

"बाबा—"

"तीन महिने झाले."

असा हा दूरध्वनी विभाग पाऊण तास चालला. थोरला हसू दाबत होता, आई दाबतही नव्हती. पण मामाचं काम बघण्यासारखं होतं, आणि मास्तर ते बघत होते. मामा घाई करत नसे. त्याने आधी गाडी नुसती चालू केली आणि बॉनेटवर तळवा टेकून दोन मिनिटं उभा राहिला. इंजिन एका लयीत चालत होतं, धूर नव्हता, अडखळणं नव्हतं. प्लग काढले, तर टोकं छान तपकिरी. फिल्टर उन्हाकडे धरला, आरपार दिसलं. पेट्रोलची नळी सोडून बाटलीत धार पाहिली, धार जोरात होती. मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, हवा मोकळी येत होती. थोरल्याला जॅक लावायला सांगून एकेक चाक हाताने फिरवलं. एकही ब्रेक चिकटलेला नव्हता. मग हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून त्याने क्लच सोडला. गाडी जागच्या जागी बंद पडली. म्हणजे क्लचही घसरत नव्हता.

"आता काय?" थोरल्याने विचारलं. तो विकायचं विसरून गेला होता आणि त्याच्या बाहीला ग्रीस लागलं होतं.

"गाडीला काही झालेलं नाही," मामा म्हणाला. "इंजिन ठणठणीत आहे. तरी चढ ओढत नाही. म्हणजे त्याला जेवढं मिळायला हवं तेवढं मिळत नाहीये." त्याने कपाळ पुसलं आणि धाकटीला म्हणाला, "तू आत बस. इंजिन बंदच असू दे. मी सांगतो तेव्हा ॲक्सिलरेटर दाब."

"मी बसतो," मास्तर म्हणाले.

सकाळपासून त्यांनी आपणहून काढलेला हा पहिलाच शब्द होता, आणि तो जरा घाईने आला होता. मामाने तो ऐकला.

"त्यांना सांग, तूच बस."

धाकटी स्टिअरिंगमागे बसली. अकरा वर्षांनी ती त्या सीटवर बसत होती. मामा इंजिनावर वाकला. कार्बोरेटरच्या कडेला एक छोटा दांडा असतो, पेडल दाबलं की तारेने ओढला जातो आणि इंजिनाचं तोंड उघडतो. मामाचा डोळा त्या दांड्यावर होता.

"दाब."

दांडा हलला.

"पूर्ण दाब."

"पूर्णच दाबलंय."

"पार खाली टेकेपर्यंत?"

"टेकलंय मामा, आणखी जातच नाही."

दांडा अर्ध्यावर थांबला होता. मामाने तो बोटाने ओढून पाहिला, तर तो सहज पुढे गेला, शेवटपर्यंत. म्हणजे अडथळा इथे नव्हता. तार सैल पडली असेल असं त्याला वाटलं, पण तार ताठ होती. मग त्याने धाकटीला उतरायला सांगितलं, गुडघ्यांवर बसला, खांदा आत घातला आणि पेडलच्या खाली टॉर्च मारला.

तिथे एक बोल्ट होता. दोन बोटं उंचीचा, खालून पक्का नट लावलेला, आणि डोक्यावर लाल रंगाचा ठिपका. पेडल त्या डोक्यावर येऊन टेकत होतं आणि पुढे जात नव्हतं.

मामा तसाच वाकलेला राहिला. असे बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने शेकडो बसवले होते. डेपोतल्या शिकाऊ बसला लावायचे, नवशिक्याने घाबरून पाय दाबला तरी गाडी सुसाट सुटू नये म्हणून. लाल ठिपका अशासाठी, की शिकणं संपल्यावर काढायचा राहू नये. ही पद्धत मास्तरांनीच डेपोत आणली होती. नवशिक्याच्या पायावर विसंबू नका, असं ते वर्कशॉपमध्ये येऊन सांगायचे, आणि मामा हसायचा.

पण या गाडीत नवशिका कुणी नव्हतं. ही गाडी एकच माणूस चालवत होता.

अकरा वर्षं मामा वाट बघत होता, की हा माणूस कधीतरी चुकीत सापडावा. चार लोकांत सापडावा. आता तो सापडला होता, बोटाखाली होता, आणि मामाला त्याचा जराही आनंद झाला नाही. टॉर्च विझवून तो बाहेर आला. त्याने धाकटीला पाणी आणायला पाठवलं, थोरल्याला जॅक उतरवायला मागे पाठवलं, पायरीशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला,

"दाजी, पायाला काय झालंय?"

मास्तरांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. ते पायरीवर खाली बसले. सकाळपासून उभं राहून त्यांना दमायला झालं होतं, आणि खरं सांगायचं तर दोन महिन्यांपासूनच दमायला झालं होतं.

"उजवा," ते म्हणाले. "घोट्याच्या खाली. आधी मुंग्या यायच्या. आता दोन महिने झाले, काहीच येत नाही. पेडल किती दबलंय ते कळत नाही मिस्त्री. या बुधवारी परत येताना शाळेच्या कोपऱ्यावर गाडी अचानक पुढे गेली. मला वाटत होतं मी पाय नुसता ठेवलाय. रस्त्यात कुणी नव्हतं म्हणून." ते थांबले. "घरी आलो आणि त्याच दुपारी बोल्ट लावला."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक तरी गाडी थांबते त्यावरून कळतो. बोल्ट लावल्यावर जास्तीत जास्त काय, हळू जाईन, एवढंच वाटलं. चढाला इतकं कमी पडेल हे लक्षात आलं नाही. शुक्रवारी समजलं."

"मग कुणाला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चावी काढून घेतली असती. मग हिला कोण नेणार होतं? भाड्याची गाडी?"

एवढ्यात मामाच्या लक्षात आलं, की दारात धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे. ती मघापासून उभी होती. ती पाणी घेऊन परत येतच होती, तेवढ्यात मामाच्या तोंडून "दाजी" हा शब्द ऐकला आणि तिचे पाय तिथेच थांबले. अकरा वर्षांत न ऐकलेला शब्द. पुढचं सगळं तिने ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली, "दोन महिने तुम्ही आईला अशा पायाने घेऊन जात होतात?"

"हळू नेत होतो."

"हळू म्हणजे काय? आठवड्यातून तीन वेळा, जाऊन-येऊन? तुम्हाला स्वतःचा पाय कळत नव्हता आणि मागे आम्ही भाजी निवडत बसलो होतो?" तिचा आवाज चढला. सकाळपासून गाडीच्या बाजूने भांडणारी ती, आता गाडीकडे पाहायलाही तयार नव्हती. "दादा म्हणत होता तेच बरोबर होतं. विकून टाका ही."

थोरला जॅक हातात घेऊन आला होता. त्याच्या मनासारखं झालं होतं, बहीण त्याच्या बाजूला आली होती, आणि आता त्याला ती बाजूच नको होती. पायरीवर बसलेल्या वडिलांकडे तो बघत होता. तरुणपणी दुसऱ्या खेपेला पास झाल्यावर याच पायरीवर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"गाडीला काही झालेलं नाही, मामाने आत्ताच सांगितलं," तो म्हणाला. मग वडिलांसमोर उकिडवा बसला. "बाबा, तुम्ही स्वतःची परीक्षा घेतलीत. नापासही केलंत. फक्त निकाल लावला नाहीत."

मास्तर हसले. अगदी थोडं, पण हसले.

"साखर तपासली होती का?" सूनबाईंनी विचारलं. त्या कधी येऊन मास्तरांच्या शेजारी बसल्या होत्या ते कुणाला कळलंच नव्हतं. "पायाच्या नसांचं असू शकतं, पाठीचंही असू शकतं. मी मंगळवारची वेळ घेते. आम्ही मंगळवारपर्यंत राहतोय."

"राहतोय का?" थोरल्याने विचारलं.

"राहतोय," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

मामा अजून उभाच होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ते हातातल्या फडक्याशी बोलावं तसं तो बोलला. "माझ्या पोराला तुम्ही नापास केलंत तेव्हा मी सगळीकडे सांगत सुटलो, की स्वतःचं नाव मोठं करायला घरच्या पोराला बुडवलं. तो मला म्हणायचा, बाबा, मी खरंच आरशात बघत नव्हतो. मी त्यालाच रागवायचो." त्याने फडकं घडी केलं. "आज त्याच्या बसमध्ये पन्नास पोरं बसतात आणि मी घरी निवांत झोपतो. ते कुणामुळे, हे मला कळत होतं. म्हणवत नव्हतं."

मास्तरांनी पायरीवर थोडं सरकून जागा केली. मामा बसला. तिथे आधीच दोघं बसलेली होती आणि पायरी काही मोठी नव्हती, पण बसला.

"बोल्ट काढ, मिस्त्री," मास्तर म्हणाले. मग वर बघून धाकटीला म्हणाले, "बादल्या आण."

"नाही आणत," धाकटी म्हणाली.

"नियम आहे."

"असू दे. मला उद्या आईला न्यायचंय, बादल्यांना नाही न्यायचं. परवाना माझ्याकडे आहे, दुकान अकराला उघडतं. परत आणायला मी दुकान तासभर बंद ठेवीन. चालवताना चुकले तर शेजारी बसून सांगा. पण मी परीक्षा देणार नाही बाबा. त्या बादलीने अकरा वर्षं खाल्ली माझी."

नाही म्हणायची मास्तरांना सवय होती, आणि ते शब्द ओठांवर आलेही असतील. पण त्यांनी शर्टाच्या खिशातून चावी काढली आणि तिच्या हातात दिली.

बाराच्या सुमाराला गाडी चढाला निघाली. आई म्हणाली, मीही येणार, मला ऐकायचंय ती कशी ओढते. मास्तर धाकटीच्या शेजारी, मागे आई, थोरला आणि मामा. सूनबाई फोन करायला घरी थांबल्या. रविवार म्हणून रस्ता मोकळा होता, तरी धाकटी पहिल्या दोन चौकांत इतकी हळू चालली, की एका सायकलवाल्याने वळून पाहिलं.

"आरसा," मास्तर म्हणाले.

"बघतेय."

"बघतेस, दिसतंय मला."

चढ सुरू झाला. लांब, सरळ, डाव्या हाताला दगडी भिंत. शुक्रवारी ज्या खांबाशी गाडीने मान टाकली होती तो जवळ आला, तशी धाकटीने एक गिअर खाली आणला आणि पाय दाबला. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं. इंजिनाचा आवाज बदलला, भरला, आणि गाडीने पाचही माणसांना उचलून वर न्यायला सुरुवात केली. मामाने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"आज माझा हात मोकळा आहे," मागून आई म्हणाली.

मास्तरांनी वळून पाहिलं. "म्हणजे?"

"गेले दोन महिने या चढावर माझा हात हँडब्रेकवर असायचा. मुठीत धरून. तुमचा पाय चुकलाच, तर ओढायचा म्हणून."

धाकटीने डोळे रस्त्यावरून काढले नाहीत.

"तो हात मी दर खेपेला बघायचो," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, चक्कर येते म्हणून धरतेस."

"चक्कर यायचीच. पण हात त्यासाठी नव्हता. तुम्ही तुमची चप्पल बघून बघून घालायला लागलात, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून." आईला धाप लागली होती, ती थांबून थांबून बोलत होती. "आणि काय बोलू? एकसुद्धा दिवस तुम्ही चुकवला नाही. पावसात नेलं, तापात नेलं. त्या मशीनला चार तास जोडलेली असते ना मी, तेव्हा दुसरं काही काम नसतं, मग मी तुमचेच आभार मानत पडलेली असते. समोर बोलायला जमत नाही. तेव्हा म्हटलं, ते चालवताहेत, आपण धरू."

चढ संपला. रुग्णालयाच्या फाटकाअलीकडे गाड्या वळवायला थोडी जागा आहे, तिथे मास्तर म्हणाले, "बाजूला घे. थांब."

धाकटीने गाडी थांबवली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. मास्तर दार धरून सावकाश उतरले, उजवा पाय नीट टेकलाय ना ते बघून. मागचं दार उघडलं आणि आईपुढे हात केला.

"तू पुढे बस."

"मी? ती शिकवणाऱ्याची जागा आहे तुमची."

"मी दोन महिने समजत होतो, माझ्यावर नजर ठेवायला कुणी नाही," मास्तर म्हणाले. "बस पुढे. हिच्याकडे लक्ष दे. काही चुकलं तर तू सांग."

आई त्यांच्या हाताला धरून उतरली आणि पुढच्या सीटवर बसली. मास्तर मागे शिरले, मेहुणा आणि मुलगा यांच्या मध्ये, गुडघे जवळ घेऊन. एकोणतीस वर्षांत ते या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. तिथून रस्ता दिसत नव्हता. समोर फक्त आईचा पांढरा अंबाडा दिसत होता. करायला काही नव्हतं, धरायला काही नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. गाडी वळली आणि उतारावरून घराकडे निघाली. थोड्या वेळाने थोरल्याला खांद्यावर भार जाणवला, म्हणून त्याने पाहिलं. मास्तरांना झोप लागली होती.